त्या तुकड्यात काय होतं?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासतात तसं मामाचं तपासलं, आणि पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. ताप नाही, अंगदुखी नाही. सकाळची उकड्या तांदळाची पेज तशीच दोनदा मागून घ्यायचा. डोळ्यांसाठी गेलेला माणूस रक्ताच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसला, रक्ताचा नमुना मुंबईला गेला, आणि अहवाल आला त्या दिवशी मी त्याच्या शेजारी होते. सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टर भले होते, घाईत होते, बाहेर बाकांवर माणसं दाटली होती. म्हणाले, ‘घाबरायचं कारण नाही. तेराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा गेलेला आहे, बाकी बदल दिसत नाहीत. या आजारात जे बदल सापडतात त्यांत हा सगळ्यांत सौम्य. आत्ता औषध नको, फक्त लक्ष ठेवायचं.’ मामाने मान हलवली. मग खुर्चीतून अर्धा उठला असताना थांबला आणि विचारलं, ‘डॉक्टर, त्या तुकड्यात काय होतं?’ डॉक्टरांनी क्षणभर वर पाहिलं, ‘ते जरा शास्त्रीय आहे’ म्हणाले, आणि तोवर दारातून पुढचं नाव पुकारलं गेलं.

मामा डॉक्टरांपुढे मराठीत बोलतो आणि बाहेर आला की कोकणीत. रायबंदरहून चोडणच्या फेरीबोटीत चढलो तेव्हा पाऊस नुकता ओसरला होता. डिझेलचा वास, मांडवीचं गढूळ पाणी, पलीकडे खारफुटीचा काळपट हिरवा काठ. लोखंडी कठड्याला टेकून तो परत तेच म्हणाला, ‘बाय, त्या कुडक्यांत कितें आशिल्लें?’ मी म्हटलं, बघून सांगते. म्हणताना वाटलं होतं की संध्याकाळी फोनवर शोधीन, कुठलं तरी जनुक असेल, नाव सांगून मोकळी होईन.

तसं झालं नाही.

बीएस्सीला आम्हाला फळ्यावर तीन शब्द आणि दोन बाण काढून दाखवले होते. डीएनए, मग आरएनए, मग प्रथिन. डीएनएवर जनुकं असतात, जनुकाची नक्कल म्हणजे आरएनए, आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन बनवते. काम काय ते प्रथिनं करतात. या हिशेबाने कॅन्सर म्हणजे कुठल्या तरी जनुकात बिघाड, त्यामुळे बिघडलेलं किंवा नाहीसं झालेलं प्रथिन. तेराव्या गुणसूत्राच्या त्या जागेबद्दल शास्त्रज्ञांनीही अनेक वर्षं असाच विचार केला, हे वाचताना मला कुठेतरी बरं वाटलं. १३क्यू१४ असं त्या जागेचं नाव. सीएलएलच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत ती जागा गेलेली दिसते. जर्मनीतल्या एका गटाने २००० मध्ये ३२५ रुग्णांचा अभ्यास छापला, त्यात हे प्रमाण ५५ टक्के होतं, आणि फक्त एवढाच बदल असलेले रुग्ण सगळ्यांत जास्त जगत होते. डॉक्टर ‘सौम्य’ म्हणाले ते यावरून. पण इतक्या जणांत एकच जागा जाते म्हणजे तिथे पेशीला आवरून धरणारं काहीतरी असलंच पाहिजे, म्हणून प्रयोगशाळांनी तो पट्टा पिंजून काढला. प्रथिनं बनवणारी जनुकं आसपास सापडली, पण रुग्णांत ती बिघडलेली आहेत असं काही सिद्ध होईना. तुकडा तर जातो, आणि गेल्याने नेमकं काय गेलं ते सापडत नाही.

मामा चोडणचा. त्याच्या घरामागून पायवाट खाली उतरते ती खाजनात. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की खाजन म्हणजे खाडीच्या पाण्यापासून बांध घालून सोडवलेली, समुद्राच्या भरतीपेक्षा खाली असलेली शेतजमीन. बांधात एका ठिकाणी मानस असते, म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने ती दारं मिटतात, सुकती लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. मामाचे वडील मानशीकडे लक्ष ठेवत. भरतीच्या वेळा त्यांना पंचांग न बघता ठाऊक असायच्या. लहानपणी मे महिन्यात मी आजोळी असायची तेव्हा रात्री मामा मला मानशीवर न्यायचा. सुकतीला दारांशी जाळं लावलेलं, वर कंदील, आणि उजेडाकडे झेपावणारी सुंगटं, म्हणजे कोळंबी, त्यांचे लालसर चमकणारे डोळे. पायाखालचा चिखल कोमट असायचा, आणि त्याला एक वास असायचा, कुजलेल्या पानांचा आणि मिठाचा मिळून, जो मला अजून कुठेही आला तरी मी तिथे जाऊन पोचते.

एका पावसाळ्यात मानशीजवळ बांधाला खांड पडली. मी तेव्हा शाळेत होते. खारं पाणी आत आलं आणि दिवसचे दिवस राहिलं. पुढच्या वर्षी मामाने तेच कोरगुट भाताचं बी पेरलं, खाऱ्या जमिनीत तगणारं, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. उगवलंच नाही धड. बियाण्यात काही खोट नव्हती, नांगरटीत नव्हती, बैलांत नव्हती. मानस स्वतः दाणाभर पिकवत नाही, पण ती गेली आणि सगळं शेत गेलं.

२००२ मध्ये १३क्यू१४ चं उत्तर आलं ते असं. जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवलं, की गेलेल्या पट्ट्यातल्या जेमतेम ३०,००० बेस-जोड्यांच्या, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांच्या, भागात दोन अतिशय छोट्या आरएनएंची जागा आहे. मिर-१५ आणि मिर-१६. हे आरएनए कुठलंही प्रथिन बनवत नाहीत. त्यांची लांबी विशीच्या थोडीशी वर, साधारण २२ घटक, तर प्रथिनाचा निरोप नेणारे आरएनए हजारोंच्या घरात असतात. त्यांनी तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६८ टक्क्यांत हे दोघे एकतर नाहीसे झालेले होते किंवा फार कमी झालेले होते. अशा छोट्या आरएनएंना मायक्रोआरएनए म्हणतात, आणि त्यांचा कॅन्सरशी संबंध दाखवणारं ते पहिलं काम. तोवर सगळे प्रथिनाचं जनुक शोधत होते, म्हणून जे होतं ते दिसत नव्हतं.

मग हे दोघे करत काय होते? २००५ मध्ये त्याच गटाने पुढचा दुवा दाखवला. पेशीत बीसीएल-२ नावाचं एक प्रथिन असतं, ते पेशीला मरू देत नाही. रक्तातल्या पेशींनी वेळेवर मरणं हे आपल्या जगण्याचा भाग आहे, रोज अगणित मरतात आणि नव्या येतात. मिर-१५ आणि मिर-१६ बीसीएल-२ च्या निरोपाला चिकटतात आणि ते प्रथिन मर्यादेत ठेवतात. ते गेले की बीसीएल-२ वाढतं. सीएलएलच्या पेशी मोठ्या झपाट्याने विभागत सुटतात अशातला भाग नाही, त्या मुख्यतः मरायच्या राहतात आणि साठत जातात. मामाच्या रक्तात हेच चाललेलं असणार. बीसीएल-२ चं जनुक जागेवर आहे, त्यात कणभर बदल नाही, प्रथिनही अगदी बरोबर बनतंय. फक्त किती बनायचं हे ठरवणारं तिथे कुणी उरलं नाही. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या एका वेगळ्याच गटाने उंदरांमधून नेमका हा पट्टा काढून पाहिला. डीएलईयू-२ नावाचा एक लांब आरएनए, तोही प्रथिन न बनवणारा, आणि त्याच्या पोटात बसलेले हे दोन छोटे. काही उंदरांना म्हातारपणी सीएलएलसारखाच आजार झाला. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. आपल्या माणसाच्या शरीरात काय गेलंय ते इतकं स्पष्ट दिसल्यावर समाधान वाटतं, आणि त्याच वेळी पोटात खड्डाही पडतो. दोन्ही एकदम.

या छोट्या आरएनएंचा शोध कॅन्सरमुळे लागलेला नाही. तो एका मिलिमीटरभर लांबीच्या, मातीत राहणाऱ्या जंतात लागला. व्हिक्टर ॲम्ब्रोस यांच्याकडे एक जनुक होतं, लिन-४, ज्यातून प्रथिन काही केल्या निघेना, निघायचा तो फक्त २२ घटकांचा आरएनए. गॅरी रुव्हकुन यांच्याकडे दुसरं जनुक होतं, लिन-१४. दोघांनी आपापले क्रम एकमेकांना सांगितले आणि लिन-४ चा छोटा आरएनए लिन-१४ च्या निरोपाच्या शेपटाशी जुळतो हे दोघांनाही दिसलं. १९९३ मध्ये ते छापून आलं. नंतर सात वर्षं बहुतेकांनी ती त्या जंताची खासियत मानली. २००० मध्ये रुव्हकुन यांना लेट-७ हा दुसरा असाच आरएनए सापडला, आणि तो माशांपासून माणसापर्यंत सगळ्यांत निघाला, तेव्हा कुठे जग दचकलं. पुढे दिसलं की हाच लेट-७ फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा कमी झालेला असतो, आणि तो रास नावाच्या, पेशीला वाढायला लावणाऱ्या जनुकावर वचक ठेवतो. दोघांना नोबेल मिळालं ते २०२४ मध्ये. मी ती बातमी तेव्हा वाचली होती, पणजीला बसमध्ये, आणि पान उलटलं होतं. मामाचा अहवाल यायला अजून अवकाश होता.

माणसाच्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी बेस-जोड्या आहेत, आणि प्रथिनांसाठी वापरला जाणारा भाग त्यात जेमतेम दीड-दोन टक्के. बाकीच्याला जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांनी १९७२ मध्ये भंगार म्हटलं. मला ते नाव मनापासून खुपतं. अर्थात ओनो अडाणी नव्हते, आणि त्यांचा मुद्दा निव्वळ टाकाऊही नव्हता. त्या पसाऱ्यात मेलेल्या जनुकांचे अवशेष आहेत, जुन्या विषाणूंच्या खुणा आहेत, आणि बऱ्याचशा भागाचं खरोखर काही काम नसावं असं आजही अनेक जाणकार मानतात. २०१२ मध्ये डीएनएचा कुठला भाग काय करतो हे तपासणाऱ्या एन्कोड प्रकल्पाने ८० टक्के डीएनएला काही ना काही जैवरासायनिक काम आहे असं जाहीर केलं, तेव्हा त्यावर कडाडून टीका झाली, आणि ती मला पटते. एखाद्या भागाची नक्कल निघते एवढ्यावरून तो उपयोगी ठरत नाही. पण उलट्या बाजूने, प्रथिन बनत नाही एवढ्यावरून तो निरुपयोगी ठरवणं हे जास्त महाग पडलं. १३क्यू१४ मध्ये तेच झालं. मालाट-१ चं उदाहरण घ्या. २००३ मध्ये तो लांब आरएनए फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सापडला, ज्यांच्यात तो जास्त त्यांचा आजार पुढे पसरण्याची शक्यता जास्त. सगळ्यांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. मग २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी मालाट-१ काढून टाकलेले उंदीर तयार केले, आणि उंदीर ठणठणीत. २०१८ मध्ये तर एका गटाने दाखवलं की स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो प्रसार रोखतो. हे वाचून माझी भाची वैतागली. ती ताळगाव पठारावर विद्यापीठात शिकते, आणि तिला उत्तर एकच हवं असतं. मला उलट या घोळातच या विषयाचा खरेपणा दिसला. तोच आरएनए एका उतीत एक करतो, दुसऱ्या उतीत दुसरं, कारण तो स्वतः काही बनवत नाही, आसपास जे आहे त्यालाच धरून काम करतो.

भाचीमुळेच मी अँटिसेन्सकडे वळले. ती म्हणाली, ‘मावशी, अर्धी गोष्ट तू वाचलीच नाहीस.’ डीएनएचे धागे दोन. जनुकाचा निरोप एका धाग्यावरून निघतो, आणि कित्येक ठिकाणी त्याच जागी समोरच्या धाग्यावरूनही उलट दिशेने एक आरएनए निघतो. तो पहिल्याशी घटकाला घटक जुळतो, त्याला चिकटू शकतो, किंवा त्या जागेवर अशी यंत्रणा ओढून आणतो की मूळ जनुकच गप्प होतं. लिन-४ चं वागणंही शेवटी याच कुळातलं, जुळून अडवणं. पी-१५ नावाचं एक जनुक पेशीचं विभाजन थांबवतं. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दाखवलं, की ल्युकेमियाच्या पेशींमध्ये पी-१५ च्या समोरच्या धाग्यावरून निघणारा अँटिसेन्स आरएनए वाढलेला असतो आणि पी-१५ दबलेलं असतं. आणि तो अँटिसेन्स नाहीसा झाल्यावरही जनुक गप्पच राहतं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मामाचं खाजन मला आठवलं, खांड बुजवल्यावरही कितीतरी पावसाळे जमिनीतून न उतरलेलं मीठ.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पीसीए-३ नावाचा असाच एक आरएनए भरमसाट वाढतो. १९९९ मध्ये त्याची ओळख झाली. तो प्रून-२ नावाच्या जनुकाच्या आत, पण उलट्या धाग्यावर बसलेला आहे. तो प्रथिन बनवत नाही, तरी लघवीत उतरतो, आणि त्यावर बेतलेल्या लघवीच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. आधीची बायोप्सी निर्दोष आलेल्या माणसाला पुन्हा सुई टोचायची की नाही हे ठरवायला मदत म्हणून ती मान्य झाली. माझ्या वडिलांना सुया टोचल्या होत्या, पुन्हापुन्हा, आणि दर वेळी काही निघालं नाही. ते आता नाहीत, गेले तेही दुसऱ्याच आजाराने. पण त्या चाचणीबद्दल वाचताना मला त्यांचा बाकावर बसलेला पाठमोरा आकार दिसला, आणि इतक्या वर्षांनी राग आला. कुणावर ते सांगता यायचं नाही.

मामाला हे सगळं सांगायचं कसं हा प्रश्न होताच. चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही सोप्यावर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होतो. कांगलां, घागऱ्यो, नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगणं, सगळा गोठ्यामागचा आणि कुळाघरातला रानवास घरभर पसरलेला. मामा स्टुलावर, मी खालून एकेक देत होते. मी सांगितलं, त्या तुकड्यात दोन फार छोट्या गोष्टी होत्या, त्या स्वतः काही बनवत नाहीत, पण दुसरं एक किती बनावं ते आवरतात. तो ऐकत होता, सुंभाची गाठ मारत होता. मग म्हणाला, ‘म्हणजे मानस गेली.’ मी हो म्हटलं. मला जे सुचायला कित्येक रात्री लागल्या ते त्याला तिथल्या तिथे सुचलं, कारण ते त्याचंच होतं. मग त्याने गाठ अर्धवट सोडली आणि खाली बघून विचारलं, ‘आणि ती माझ्या वडिलांकडूनच मोडकी आली काय? म्हणजे पुढे सुनंदाच्या पोरांत पण?’

तेव्हा मला कळलं की फेरीबोटीत त्याने जे विचारलं होतं ते कुतूहल नव्हतं.

सुनंदा त्याची मुलगी, पुण्याला असते, तिला दोन मुलगे. इतके दिवस हा माणूस मनात ते घेऊन फिरत होता, आणि मी त्याला वाचलेलं शास्त्र पुरवायच्या तयारीत होते. मी सांगितलं, की तो तुकडा जन्मतः गेलेला नाही. आयुष्यात कधीतरी, बहुधा उतारवयात, रक्तातल्या एका पेशीत तो तुटला, आणि तिच्यापासून झालेल्या पेशींत तसाच उतरत गेला. शरीरातल्या बाकीच्या पेशींत तो जागच्या जागी आहे. सुनंदाला त्याने जे दिलं ते शाबूत दिलं. मग जे खरं होतं तेही सांगितलं, की सीएलएल असलेल्यांच्या मुला-भावंडांत हा आजार इतरांपेक्षा काही पटींनी जास्त दिसतो, पण मुळातच तो इतका विरळा, की काही पटींनी जास्त म्हणजेही फार थोडा. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हाताला नेवऱ्यांचं पीठ. तिने काही विचारलं नाही. मामाने वर मान करून गाठ पुरी केली.

नंतर दोन पावलं उतरून तो म्हणाला, ‘मग परत बसवता येत नाही?’

तो प्रश्न अनेकांनी विचारलेला आहे, आणि उत्तरासाठी माणसांनी जीव टाकलेत. उलट जुळणारा छोटा तुकडा बाहेरून घालून निरोप अडवायचा, ही कल्पना १९७८ ची. पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी कोंबड्यांत कॅन्सर करणाऱ्या राउस सार्कोमा विषाणूच्या आरएनएशी जुळणारा १३ घटकांचा डीएनए तयार केला, पेशींवर घातला, आणि विषाणूची वाढ मंदावली, पेशींचं कॅन्सरकडे वळणंही. हे झामेक्निक तेच, ज्यांनी दोन दशकं आधी निरोप वाचायला मदत करणारे टीआरएनए सहकाऱ्यांबरोबर शोधले होते. पुढे बीसीएल-२ च्याच निरोपाविरुद्ध असं एक अँटिसेन्स औषध तयार झालं, ओब्लिमर्सेन. मामाला जे हवं होतं त्याच्या अगदी जवळचं. मेलानोमात, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरमध्ये, वापरून पाहिलं, सीएलएलमध्येही पाहिलं, आणि दोन्हीकडे अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. फायदा झाला तो पुरेसा ठरला नाही. मिर-३४ हा कॅन्सर रोखणारा आणखी एक मायक्रोआरएनए. तो बाहेरून परत देण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला, ८५ रुग्णांवर. काही थोड्यांच्या गाठी आकसल्या. पण प्रतिकारशक्ती बेफाम होऊन चार जण दगावले, आणि २०१६ मध्ये तो प्रयोग थांबवला. त्यांना नावं नाहीत, निबंधात नावं नसतात. ते सगळे असे रुग्ण होते, की ज्यांच्यापुढे दुसरे उपाय संपत आले होते. मी मामाला हे सांगितलं नाही तेव्हा. सणाच्या आदल्या दिवशी सांगवेना. नंतर सांगितलं.

जे हाती आलंय तेही सांगितलं. आरएनए अडवून जे साधलं नाही ते बीसीएल-२ प्रथिनालाच पकडणाऱ्या गोळीने साधलं. तिचं नाव व्हेनेटोक्लॅक्स, २०१६ पासून सीएलएलसाठी मान्य. उद्या मामाच्या पेशी वाढल्याच, तर डॉक्टर ज्या औषधांचा विचार करतील त्यांत ती असेल. आणि २०२४ च्या जूनमध्ये इमेटेलस्टॅट नावाच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, अस्थिमज्जेच्या एका आजारात, ज्यात माणसाला सतत रक्त चढवावं लागतं. ते १३ घटकांचं आहे, आणि ते पकडतं गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या टेलोमरेजमधल्या आरएनएला, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्याच एका आरएनएला. १९७८ च्या त्या पहिल्या तुकड्यातही १३ च घटक होते. मध्ये इतकी वर्षं लागली. या संथपणाचा मला आधी त्रास व्हायचा. आता त्या चौघांची आठवण येते, आणि वाटतं की घाई करण्याचा अधिकार आपल्याला फार थोडा आहे.

पण एका बाबतीत मला घाई आहे. अहवालांची भाषा. मामाच्या अहवालात त्या जागेचं सांकेतिक नाव होतं, टक्के होते, रंगीत ठिपक्यांचं एक चित्र होतं, काळ्या पार्श्वभूमीवर निळी पेशी आणि दोनऐवजी एकच तांबडा ठिपका. ज्याच्या रक्ताचं ते चित्र, त्याला समजेल असं एक वाक्य त्यात नव्हतं. ते लिहायला काही लागत नाही. दोन ओळी पुरतात, आणि त्या दोन ओळींअभावी एक म्हातारा माणूस स्वतःच्या नातवंडांकडे अपराध्यासारखा बघत राहतो. म्हणून मी त्या लिहिल्या, भाचीकडून तपासून घेतल्या, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी फाइलमध्ये सगळ्यांत वर लावल्या.

‘तेराव्या गुणसूत्राच्या गेलेल्या तुकड्यात दोन छोटे आरएनए होते. ते प्रथिन बनवत नाहीत, पण पेशीला मरू न देणारं बीसीएल-२ हे प्रथिन मर्यादेत ठेवतात. ते गेल्यामुळे काही पांढऱ्या पेशी वेळेवर मरत नाहीत आणि साठतात. हा बदल रक्तातल्या पेशींत नंतर झालेला आहे, जन्मजात नाही.’

डॉक्टरांनी ते वाचलं. या खेपेला बाहेर गर्दी कमी होती. खिशातलं पेन काढून त्यांनी खाली एक ओळ घातली, ‘या आजारात इतरही बदल असू शकतात, त्यांसाठी पुन्हा तपासणी लागेल.’ सही केली, तारीख घातली. मामाने खाली आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक घरच्या फाइलला, एक सुनंदाला पोस्टाने.